बुइकचा फोटो
१९७४ साल. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर उघड्या टपाची जुनी बुइक उभी दिसली आणि एस.टी.ची वाट बघणारी महेजबीन रांग सोडून धावली. जुन्या गाड्यांचे फोटो काढायचा तिला नाद होता, पिशवीत कॅमेरा कायम असायचा. पण ही गाडी ती दोन वर्षं शोधत होती. मालकानं भंगारात काढलेली हीच बुइक तिच्या अब्बांनी, शमशेर मिस्त्रींनी, आठ महिने खपून चालती केली होती. आता ते कंबर मोडून पलूसला खाटेवर पडले होते आणि गाडी एकदा बघायचीय म्हणत होते. तिनं कॅमेरा डोळ्याला लावताच मालक हंबीरराव ओरडले, “ए बाई, कुणाला विचारून फोटो काढतीस? भररस्त्यात शोभतं का हे?” “शमशेर मिस्त्रींची लेक हाय मी. ही गाडी त्यांनीच उभी केली. त्यांना दाखवायचाय फोटो.” “मिस्त्रीचं काम कवाच संपलं. गाडी आमची हाय!” हंबीरराव कंबरेवर हात ठेवून गाडीपुढंच उभे राहिले. माणसं जमली. महेजबीन मागं सरली नाही. “गाडी तुमची, पण रस्ता सगळ्यांचा हाय. आवं, तसंच उभं ऱ्हावा, हलू नका,” म्हणत तिनं खटका दाबला. आठवड्यानं फोटो धुऊन आला. अब्बांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, हंबीररावांवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, “आता कशी झकास दिसतीया!”