स्वतःच्या वापरासाठी

मालकाला घर स्वतःच्या वापरासाठी हवं असेल, तरच भाडेकरूला उठवता येईल, असा कायदा. तात्यांचं तर ठरलंच होतं, लेक कायमचा परत येणार होता! वरच्या मजल्यावरचं कुटुंब निघालं, तेव्हा त्यांची चिमुरडी तात्यांच्या गळ्यात पडून रडली. पण आनंद असा, की गुडघे कुरकुरत असताना स्वतः शिडीवर चढून त्यांनी ती वरची खोली रंगवली.

रंग वाळतोय न वाळतोय, तोच फोन आला. "बाबा, मी नाही येत आता. इथेच घर घेतलंय."

आज कोर्टाचा माणूस चौकशीला दारात उभा राहिला. "तात्या, मुलगा आला नसेल तर सरळ सांगा. त्याच लोकांना खोली परत देऊ. बिचारे डोळे लावून बसलेत."

तात्यांना जिन्यावर ती इवली पावलं धडधडत चढताना ऐकूच आली. सांगायला त्यांनी तोंड उघडलं. पण आपला मुलगा येणार नाही, हे त्यांनी अजून स्वतःशीसुद्धा मोठ्याने म्हटलं नव्हतं.



"हळू बोला, साहेब," ते म्हणाले, "आत झोपलाय तो."