शार्कसमोर तळहात

ताडोबात गस्त घालणाऱ्या मयुरीने लग्नानंतर वनरक्षकाची नोकरी सोडावी, असं लोकेशच्या आईला वाटत होतं. ते बायकोच्या गळी उतरवायचं काम लोकेशने अंदमानच्या हनिमूनपर्यंत लांबवलं होतं. समुद्रात कासवं बघताना मयुरी लाइफ जॅकेट घालून त्याच्या दंडाला धरून तरंगत होती. पोहणं फक्त त्याला येत होतं. तेवढ्यात खालून शार्क वर आला. बाकीचे पर्यटक हातपाय झाडत होडीकडे सुटले. लोकेशही वळला, पण तिने वाघ दिसल्यावर गस्तीत धरतात तसा तळहात त्याच्यासमोर आडवा धरला: पाठ दाखवू नको. शार्क निश्चल जोडप्याभोवती फेरी घालून निघून गेला. होडीत तिच्याकडे बघतच राहिलेल्या लोकेशने विचारलं, "तुले भेव नाई वाटला?" "वाटला ना. त्याचाच तं पगार भेटते." "मंग सोडू नोको." "काय?" "नोकरी." मयुरी हसली. "कोन सोडून राह्यलं?"