करड्या घोड्याचं कवन

आमच्या कुरणावरचे लोक मेलेल्या माणसाचं नाव वर्षभर घेत नाहीत. बायको जाऊन आठ महिने झाले होते. पुतण्याने आमचा करडा घोडा शर्यतीत उतरवला, म्हणून मी लगाम धरून उभा होतो. शर्यतीआधी पल्याडच्या खोऱ्यातले म्हातारे शाहीर दरवर्षी प्रत्येक घोड्याचं कवन म्हणतात. आमच्यापाशी येऊन त्यांनी जुनंच कवन म्हटलं, "ज्याची आयाळ युमत्सो विणते, तो हा करडा वारा!"

शेजारचा दोरक्याब ओरडला, "अहो आजोबा, जीभ आवरा! बायको गेली त्याची!"

म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला. "माफ कर रे बाबा, मला कुणी सांगितलंच नाही."

"मला नीट ऐकू नाही आलं," मी म्हणालो. "परत म्हणा."