टिचकी

माइक पुढ्यात आला तशी कोंडीबा कुंभाराने त्याच्यावर टिचकी मारून पाहिली. हॉलभर टक्क असा आवाज घुमला आणि समोरच्या बायका खळखळून हसल्या. कोंडीबाही ओशाळून हसला. हाताची सवय, दुसरं काय.

शुक्रवार पेठेतल्या महिला मंडळाचा तो मेळावा होता. मागच्या वर्षी पाककृती झाल्या होत्या, यंदा अध्यक्षा दुर्गाताईंनी कारागिराच्या तोंडून अनुभव ऐकायचं ठरवलं होतं. कोंडीबाने आधी आपल्या धंद्याबद्दल बोलायचं आणि मग दाराशी माठ विकायचे, असं ठरलं होतं. हातगाडीवर पेंढा अंथरून त्याने चाळीस माठ आणले होते. धोतरही आदल्या दिवशी दोनदा धुतलं होतं.

त्याच्या दृष्टीने हा शेवटचा डाव होता. बाहत्तरच्या दुष्काळात लोकांनी रांजणसुद्धा दारातून उचलून नेले होते. त्याला आता चार वर्षं झाली. घरोघरी स्टीलची पिंपं आली, पैसेवाल्यांकडे फ्रिज आले, आणि सोलापूरच्या भर उन्हाळ्यातही त्याचे माठ दाराशी धूळ खात पडू लागले. साडूने त्याला गिरणीत बदली कामगार म्हणून लावायचं नक्की केलं होतं. कामगार भरणारा जॉबर सोमवारपर्यंतच थांबणार होता. निघताना कोंडीबाने बायकोला, बजाबाईला सांगितलं होतं, आज माठ गेले तर चाक चालू ठेवायचं, नाहीतर सोमवारी गिरणी. बजाबाईने लगेच सिद्धेश्वराला नारळ बोलला.

कोंडीबा बोलायला लागला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. तळ्याकाठची माती कशी आणतात, ती तुडवून तुडवून बापाच्या टाचांना कशा भेगा पडल्या होत्या, सारं तो सांगत गेला. मातीत गाढवाची लीद कालवतात म्हटल्यावर पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले. आवा, म्हणजे माठ भाजायची भट्टी, पेटवल्यावर घरात कुणाला झोप लागत नाही, हेही त्याने सांगितलं. माठ भाजून निघाला की पहिली टिचकी कुंभाराची, दुसरी गिऱ्हाइकाची. खणखणीत वाजला तर चार उन्हाळे गार पाणी देतो, आणि बद्द वाजला तर कुठंतरी चीर असते.

सगळेच असं वाजवून घेतात का, असं एका बाईंनी विचारलं.

"समदीच घेत्यात की, बाई. फकस्त मसणात न्यायचं मडकं कुणी वाजवत न्हाय. हाताला येईल ते उचलत्यात आन् जात्यात. त्यात कुटं पाणी प्यायचं असतंय?"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की कोंडीबाला कुठं बघावं कळेना. दुर्गाताईंनी डोळे टिपले. चिटणीस बाईंनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्याच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. आता चाक बंद पडत नाही, असं त्याच्या मनाने घेतलं.

दाराशी झुंबड उडाली. पहिल्या बाईंपुढे कोंडीबाने रीतीप्रमाणे माठ कानाच्या उंचीला धरला आणि थांबला. त्यांनी तो घेतला आणि त्या चालू लागल्या. घाईत असतील, असं त्याला वाटलं. दुसरीला त्याने आपणहून वाजवून बघायला सांगितलं. छानच आहे हो, म्हणत तिने माठ काखेत मारला. एकीला त्यात कागदी फुलं ठेवायची होती. एकीला आत दिवा लावून दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवायचा होता. दुर्गाताईंनी चार उचलले. त्यांची पुतणी त्यांवर ऑइलपेंटने मोर काढणार होती.

येताना एक माठ खड्ड्यात आदळून तडकला होता. तो त्याने गाडीखाली लपवला होता. एका तरुण बाईंनी नेमका तोच शोधून काढला. त्याच्यावरचा जाळाचा काळा डाग त्यांना फार आवडला.

"त्याला चीर हाय, ताई. पाणी ठरायचं न्हाय त्यात."

"पाणी कोण ठेवतंय? फ्रिज आहे ना आमच्याकडे," त्या म्हणाल्या आणि माठ घेऊन गेल्या.

त्यानंतर कोंडीबाने कुणालाच वाजवून बघायला सांगितलं नाही. नुसते माठ उचलून देत राहिला आणि प्रत्येकीच्या बोटांकडे बघत राहिला. तासाभरात पेंढा तेवढा उरला. दुर्गाताईंनी त्याच्या हातात नारळ दिला आणि पुढच्या वर्षीही यायचं बरं का, असं बजावलं.

रिकामी गाडी बघून बजाबाई उंबऱ्यातच उभी राहिली. तिचे डोळे भरून आले. नवऱ्याच्या हातातला नारळ बघून तिला वाटलं, सिद्धेश्वराला बोललेला नारळही यांनी येतायेताच आणला. तिने पाय धुवायला पाणी दिलं आणि उद्याच्या कामाची माती भिजत घातल्याचं हौसेने सांगितलं.

"राहू दे ती माती," कोंडीबा म्हणाला. "सोमवारी गिरणीत जातो."

बजाबाईला वाटलं, थट्टा करतायत. माठ गेले तर चाक चालू ठेवायचं, असा शब्द सकाळी त्यानेच दिला होता. तिने एकवार गाडीकडे बघितलं, एकवार त्याच्याकडे.

"समदं गेलं न्हवं?"

"गेलं की. चाळीसच्या चाळीस गेलं." त्याने नारळ जोत्यावर ठेवला. "पर एकीनंबी वाजवून घेतलं न्हाय."