अब्बा आले का?

मुनीरा पीएच.डी.साठी नागोयाला गेली, तेव्हापासून अब्बांनी तिच्याशी अबोला धरला होता. तो न सोडताच ते गेले. ती विमानाचं तिकीट शोधत होती, तोवर श्रीवर्धनला दफन उरकलंही होतं.

त्यानंतर रोज सकाळी ती लॅबमध्ये पोचली की अम्मीचा फोन येई. "अब्बा आले का गं स्वप्नात? हसले का?"

अब्बा रोज येत होते आणि तिला पाहताच पाठ फिरवत होते. पण वाईट स्वप्न कुणाला सांगायचं नसतं, आणि न पडलेलं स्वप्न रचून सांगणं तर मोठा गुनाह, हे अम्मीनंच तिला लहानपणी शिकवलं होतं. खरं सांगता येईना, खोटं रचता येईना. मग ती सेंट्रिफ्यूज सुरू करायची आणि "मशीन चालू आहे अम्मी, काही ऐकू येत नाही," म्हणून फोन ठेवायची.

पाचव्या दिवशी अम्मीनं काही विचारलंच नाही. "काल ते माझ्या स्वप्नात आले होते," ती म्हणाली. "पांढरे कपडे, हसरा चेहरा. म्हणाले, मुनीराला सांग, माझा राग कधीच गेला. मेलेलं माणूस स्वप्नात खोटं बोलत नाही, बेटा."

मुनीरा जिन्यात बसून पोटभर रडली. मग अम्मी आता बरी आहे ना, हे विचारायला तिनं भाभीला फोन लावला.

 

"बऱ्या कसल्या? अब्बा गेल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा नाही. मी शेजारीच झोपते ना, कालही पहाटेच्या फजरच्या नमाजापर्यंत टक्क जाग्या होत्या."