दुखणार नाही

"अजिबात दुखणार नाही, सुंदराबाई. हात सैल सोडा," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि मी सावधच झाले.

कारण हे वाक्य माझं आहे. मी कासारीण. नवरीला बांगड्या भरताना आयुष्यभर हेच सांगत आले आणि दर वेळी तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं. आता माझ्याच अंगठ्याचा सांधा धरलाय, बांगडी पुढे रेटता येत नाही, आणि लगीनसराई तोंडावर आलेली. त्या दुखऱ्या सांध्यातच इंजेक्शन द्यायचं होतं. मी हात मागे ओढला.

"मॅडम, खोटा धीर देऊ नका. काय होणार ते सांगा."

त्यांनी सुई खाली ठेवली. "दुखेल. औषध आत जाताना चांगलीच कळ येईल. एक-दोन दिवस आत्तापेक्षा जास्तही ठणकेल. मग हळूहळू उतार पडायला हवा. सगळ्यांनाच पडतो असं मात्र नाही."

मी हात पुन्हा पुढे केला आणि माझी मूठ उघडली. कळ आली. त्यांनी सांगितली होती तेवढीच.

पंधरा दिवसांनी एका लग्नघरी नवरीनं घट्ट आवळलेला हात पुढे केला. माझा अंगठा अजून थोडा कुरकुरत होता.

"मावशी, दुखेल का हो?"

तिच्यामागे उभी असलेली तिची आई मला मानेनं 'नाही म्हणा' असं खुणावत होती.

"दुखेल गं," मी म्हटलं. "अंगठ्याच्या हाडावरून बांगडी जाईपर्यंत. मग नाही."

तिनं डोळे मिटले. तिची बोटं माझ्या हातात एकेक करून सैल झाली.