लोखंडी झाकण

मालसुनने ओतीव लोखंडाचे झाकण शेगडीवर चढवले आणि गल्लीने टाळ्या वाजवल्या. भाताच्या जुन्या हंड्याचे ते झाकण. उलथे ठेवले की त्याची उथळ कढई होते. शेगडी मात्र सहलीला नेतात तसली, लहान. गॅसचा डबा तिच्या कडेच्या खणात आडवा बसलेला. झाकण ज्योतीवर तर बसलेच, पण त्या खणावरही छत्रीसारखे पसरले. जितके रुंद तितके मांस अधिक मावते, म्हणून दुसऱ्या शेगडीवरही तसेच एक चढले. डुकराच्या पोटाचे जाड काप चरचरू लागले. धूर नेमका मशिदीकडे जावा म्हणून कोणीतरी घरून पंखाही आणला होता.

मशीद म्हणजे अजून अर्ध्या भिंती, आणि फाटकाबाहेर नळासाठी खणलेला खोल खड्डा. शुक्रवारची दुपार होती. आत ताडपत्रीखाली विद्यापीठातले काही विद्यार्थी नमाजाला जमले होते. खड्ड्याच्या काठी, खांबावर, रहिवासी समितीने कर्णा बांधला होता. समितीचे अध्यक्ष क्वाक यांचा ध्वनिमुद्रित आवाज त्यातून सकाळपासून गर्जत होता : "हे पाहुणे नाहीत, ही कीड आहे! आज जागा मागतात, उद्या लेकीसुना मागतील, परवा तुमचे गळे कापतील!" संपला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

प्रत्यक्ष क्वाक मालसुनच्या कानाशी वाकले. तसे केल्याशिवाय काही ऐकूच जात नव्हते.

"वहिनी, मांस तुमचं, झाकणं तुमची. वरच्या खोलीतला तो पोरगाही तुमचाच ना?"

"जावई करून घेतायत!" शेजारची कोणी किंचाळली, आणि बायका पोट धरधरून हसल्या.

मालसुनही हसली. न हसून सांगते कोणाला? ओयबेक हा उझबेक विद्यार्थी दोन वर्षे तिचा भाडेकरू होता. तो तिला मावशी म्हणे. आणि हे गल्लीला कळल्यापासून तिच्या खाणावळीची पायरी कोणी चढत नव्हते. ती पायरी लोकांना पुन्हा चढायला लावणे किंवा दाराला कुलूप घालणे, याखेरीज तिसरा मार्ग उरला नव्हता. शिवाय तिच्या मनात अढी होतीच. गेल्या हिवाळ्यात तिच्या स्वयंपाकघरात ओयबेकने याच शेगडीवरून हेच झाकण, वर मांस शिजत असताना, न विचारता उचलून खाली ठेवले होते. तो काही सांगू लागला. तिने ऐकून घेतले नाही. माझ्या घरात माझ्याच अन्नाचा विटाळ मानतो, एवढे तिला पुरेसे झाले, आणि तो महिना तिने अबोल्यात काढला.

"माझा कोणी नाही तो," ती क्वाकांच्या कानात ओरडली. "येऊ दे समोर, मग बघा!"

तेवढ्यात फाटक धाडकन उघडले आणि ओयबेक अनवाणी धावत बाहेर आला. तोंड उघडे, मानेच्या शिरा तटतटलेल्या, दोन्ही हात हवेत. तो काहीतरी ओरडत होता. "गळे कापतील!" कर्णा गरजला, आणि त्याला साक्ष द्यायलाच जणू तो अंगावर येत होता.

तो थांबला नाही. शेगडीला खेटून बसलेल्या ह्वांग आजींना त्याने स्टुलासकट बाजूला लोटले; त्या चिखलात आडव्या झाल्या. त्याने जळत्या झाकणासकट शेगडीच उघड्या हातांनी उचलली. कातडी चरचरली. सगळे ओझे त्याने खड्ड्यात भिरकावले, आणि तो दुसऱ्या शेगडीकडे वळला.

मग गल्ली त्याच्यावर तुटून पडली. निषेधाच्या फलकाचा दांडका त्याच्या पाठीवर मोडला. क्वाकांनी बरगडीत लाथ घातली. तो पडला, कोपरांवर उठला आणि त्याच शेगडीच्या दिशेने सरपटू लागला. कोणीतरी पाय धरून त्याला मागे ओढले. त्याचे डोळे मात्र मालसुनवर खिळले होते. ओठ हलत होते, हलतच होते. कर्णा त्यातला एकही शब्द तिच्यापर्यंत पोहोचू देत नव्हता.

लोकांनीही तिच्याकडे पाहिले. आता तिची पाळी होती.

तिच्या हातात लोखंडी चिमटा होता. "आजींना पाडतोस? माझ्या मांसाला हात लावतोस?" पहिला घाव तिने कपाळावर घातला. भुवई फाटली. त्याने भाजलेला हात शेगडीकडे लांबवला, तेव्हा दुसरा घाव त्या हातावर बसला. हाड वाजल्याचे तिला चिमट्यातून कळले. "शाब्बास वहिनी!" कोणाचे तरी तोंड तिला दिसले. खाणावळ वाचली होती.

आणि खड्डा फुटला. मातीचा लोळ फाटकाहून उंच उठला. दगड कौलांवर बरसले. लोखंडी झाकणाचा अर्धा तुकडा हवेत भिरभिरत गेला आणि रस्त्यापलीकडे खणखणत पडला. खांब कलला, तार तुटली, कर्णा खड्ड्यात कोसळला.

सकाळपासून प्रथमच गल्लीत शांतता झाली. त्या शांततेत दुसऱ्या झाकणावरचे मांस चरचरत होते. ओयबेकचे रक्ताळलेले ओठ अजून तसेच हलत होते. फक्त आता ऐकू येत होते.

"मावशी, मागे व्हा. दुसरी अजून पेटलेली आहे, झाकणाखाली डबा तापतोय."